दंत आरोग्यक : शिक्षण, नोंदणी आणि आपली मुले

(संस्थेने नंदुरबार येथे घेतलेल्या विद्यार्थी-पालक मार्गदर्शन शिबिरातील व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी मला निमंत्रणाचे पत्र पाठविले, त्यात माझ्या नावामागे 'डॉक्टर' असे लिहिले होते. मी त्यांना फोन करून ते खोडायला सांगितले. मी डॉक्टर नाही. नोकरीच्या सगळ्या वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की ते मला पाठ झाले आहे. आपल्या भागातली एखादी म्हातारी यायची, खुर्चीवर बसायची आणि म्हणायची, "डॉक्टरीणबाई, दात हालस, काढी टाका." मी सांगायची, "आजी, मी दात काढत नाही, दात राहावा म्हणून साफ करते. काढायचा की नाही ते साहेब सांगतील." म्हातारीला ते पटायचे नाही. पण आजच्या माझ्या बोलण्याचा सगळा अर्थ त्या एका वाक्यात आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगितले.

माझ्या कामाला इंग्रजीत 'डेंटल हायजिनिस्ट' म्हणतात. सरकारी जाहिरातींत त्याला 'दंत आरोग्यक' असा शब्द येतो. पुष्कळ मुले जाहिरातीतला हा शब्द वाचून पुढे सरकतात, कारण तो कशाशी संबंधित आहे हेच त्यांना ठाऊक नसते. दंतवैद्य म्हणजे बी.डी.एस. झालेला डॉक्टर. कवळी तयार करतो तो दंत यांत्रिक, म्हणजे डेंटल मेकॅनिक. आणि दातांवरचे किटण काढणे, दात घासून गुळगुळीत करणे आणि तोंडाची स्वच्छता कशी राखावी हे रोग्याला शिकविणे, हे ज्याचे काम तो दंत आरोग्यक. ही वाटणी माझ्या मनाची नाही. १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टमध्ये या तिघांच्या वेगवेगळ्या व्याख्या दिलेल्या आहेत, आणि तिघांची वेगवेगळी रजिस्टरे ठेवावीत असे त्यात सांगितले आहे.

हे काम लहान वाटते. मलाही सुरुवातीला वाटले होते. बारावी सायन्स झाल्यावर मी मुंबईला शिकायला गेले तेव्हा गावात कोणी विचारले की वडील सांगायचे, "मुलगी दवाखान्यात शिकते." काय शिकते ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. दात घासायला शिकायला दोन वर्षे कशाला, असे एका शहाण्या माणसाने तोंडावर विचारलेही होते.

तर दोन वर्षे कशाला, ते आधी सांगते. आपण जेवल्यानंतर दातांवर एक चिकट थर बसतो. तो जंतूंचा थर असतो. रोज नीट घासला तर तो निघून जातो. राहिला तर लाळेतला चुना त्यात बसतो आणि काही दिवसांत तो दगडासारखा होतो. तेच किटण. ते मग ब्रशने निघत नाही, राखेने निघत नाही, मिठाने निघत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते जास्त चढते, कारण लाळेच्या नळ्या तेथेच उघडतात. घरी गेल्यावर जिभेचे टोक खालच्या दातांच्या मागे लावून पाहा, खरखरीत लागले तर मी काय म्हणते ते कळेल. या किटणाच्या आधाराने जंतू हिरडीखाली शिरतात. हिरडी सुजते, लाल होते, घासताना रक्त येते. लोक काय करतात? रक्त येते म्हणून घासणेच बंद करतात. मग आतले हाड हळूहळू झिजते आणि न किडलेला, धडधाकट दिसणारा दात हलू लागतो. मधुमेह असेल तर हे सगळे लवकर होते. गरोदरपणात हिरड्या सुजतात, त्या बायकांना तर घरची माणसेच दवाखान्यात जाऊ देत नाहीत.

आणि आपल्याकडे एक समज फार पक्का आहे की दात साफ केले की ते हलतात. हा समज मी शेकडो वेळा ऐकला आहे. त्यात खरे इतकेच आहे की हाड आधीच झिजलेले असते आणि किटणाच्या दगडाने दातांना एकमेकांशी जखडून ठेवलेले असते. दगड निघाला की दात किती सैल झाला होता ते उघड होते. भिंत आतून पोखरलेली आणि बाहेरून गिलावा, तसा तो प्रकार. दोष गिलावा काढणाऱ्याचा नाही. पण हे रोग्याला त्याच्या बोलीत, न रागावता, साफ करण्याच्या आधी सांगावे लागते. नंतर सांगितले तर ती सबब वाटते. हे सांगण्याची कलासुद्धा शिकावी लागते. शिवाय कोणत्या दाताला कोणते हत्यार, ते कोणत्या कोनात धरायचे, हिरडी न फाडता मुळापर्यंत कसे जायचे, हत्यारे ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर किती वेळ ठेवायची, रोग्याला हृदयाचा आजार आहे का, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारून तसे असल्यास दंतवैद्याला सांगितल्याशिवाय हात न लावणे, हे सगळे त्या दोन वर्षांत येते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे व्याख्यान द्यायला तयार झाले ती सांगते.

आमच्या नात्यातली एक मुलगी आहे, शहादा तालुक्यातली. वडील दुसऱ्याच्या पपईच्या बागेत मजुरी करतात. पोरगी हुशार, बारावी सायन्स पहिल्या वर्गात पास. तिने एका शहरात 'डेंटल हायजिनिस्ट डिप्लोमा, सहा महिन्यांत नोकरीची हमी' अशी पाटी पाहिली. शहराचे आणि संस्थेचे नाव मी घेणार नाही. फी चाळीस हजार. आईने बचत गटातून कर्ज काढले, घरातली एक म्हैस विकली. सहा महिने झाले, सोनेरी शिक्क्याचे जाड कागदाचे प्रमाणपत्र मिळाले. त्यावर वर लिहिलेले, 'शासनमान्य', आणि खाली रजिस्ट्रेशन नंबर.

ती सरकारी जागेच्या मुलाखतीला गेली. कागद तपासणाऱ्या कारकुनाने विचारले, "कौन्सिलचा नंबर?" तिने प्रमाणपत्रावरचा नंबर दाखविला. तो म्हणाला, "बाई, हा संस्थेचा नंबर आहे. तुझा नंबर कुठे आहे?"

मंडळी, तो नंबर त्या ट्रस्टच्या नोंदणीचा होता. ट्रस्ट नोंदलेला होता हे खरे होते, त्यात खोटे काही नव्हते. आपली ही संस्थासुद्धा रजिस्टर्ड आहे, आपल्याही लेटरहेडवर नंबर आहे. म्हणून उद्या आपण येथे बसून दंत आरोग्यकाचे प्रमाणपत्र छापले तर ते चालेल का? संस्था नोंदलेली असणे वेगळे, अभ्यासक्रम मान्य असणे वेगळे, आणि तुमचे स्वतःचे नाव राज्याच्या रजिस्टरवर असणे आणखी वेगळे. या तीन गोष्टी एकाच 'रजिस्टर्ड' शब्दाखाली लपविल्या जातात आणि आपली पोरे फसतात.

ती मुलगी आता सुरतेला एका साडीच्या दुकानात काम करते. कर्ज फिटले आहे, म्हैस परत आलेली नाही. मला सगळ्यात जास्त लागले ते हे की याच व्यवसायात तिच्या घरातली एक बाई होती, ती मी, आणि तिला कोणी विचारले नाही. का विचारले नाही? कारण मी नोकरीच्या गावी राहत होते, लग्नकार्याला यायचे, पाकीट द्यायचे आणि रात्रीच्या गाडीने परत जायचे. मी काय काम करते ते मीही कधी गावात बसून सांगितले नव्हते. तेव्हा यात दोष नुसता त्या पाटीवाल्यांचा नाही.

म्हणून आता कायदा थोडा सविस्तर सांगते. कंटाळा येईल, पण ऐका.

पूर्वी आपल्या देशात दातांचे काम कोणीही करीत असे. बाजाराच्या दिवशी सतरंजी टाकून, पुढे काढलेल्या दातांचा ढीग मांडून बसणारे दातवाले आपल्यातल्या वयस्कर लोकांनी पाहिलेले आहेत. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्याला दंतवैद्यकाचे कॉलेज काढले, ते देशातले पहिले. बंगालमध्ये १९३९ साली दंतवैद्यांसाठी कायदा झाला. आणि सगळ्या देशासाठी १९४८ चा डेंटिस्ट्स अ‍ॅक्ट आला. पुढच्या वर्षी, १९४९ मध्ये, डेंटल कौन्सिल ऑफ इंडिया स्थापन झाली. कोणते कॉलेज, कोणता अभ्यासक्रम मान्य, हे ठरविण्याचे काम कायद्याने केंद्राच्या या कौन्सिलकडे दिले. माणसांची नावे रजिस्टरवर घेण्याचे काम राज्याच्या कौन्सिलकडे दिले. आपल्यासाठी ती महाराष्ट्र राज्य दंत परिषद, कार्यालय मुंबईला.

त्या कायद्याचे ४९ वे कलम असे की ज्याचे नाव रजिस्टरवर नाही त्याने दंतवैद्यकीचा व्यवसाय करू नये, तसेच दातांवरचे किटण काढण्याचा, दात साफ करण्याचा आणि कवळ्या बनविण्याचाही करू नये. शिक्षा पाहिली तर पहिल्या वेळी पाचशे रुपयांपर्यंत दंड, इतकीच. आज पाचशे रुपयांना कोण भितो? म्हणून पाटीवाले निर्धास्त असतात. पण ज्या मुलामुलींना नोकरी करायची आहे त्यांना दंडाची नाही, मुलाखतीच्या टेबलाची भीती हवी. तेथे नंबर विचारतात.

२०२३ साली संसदेने नॅशनल डेंटल कमिशन अ‍ॅक्ट मंजूर केला. जुना १९४८ चा कायदा बाजूला करून कौन्सिलच्या जागी कमिशन आणण्यासाठी तो केला आहे. तेव्हा प्रवेश घेण्याच्या वर्षी कोणता नियम, कोणता फॉर्म, किती फी हे जुन्या पुस्तकातून किंवा माझ्या तोंडून घेऊ नका. राज्य परिषदेकडून त्याच वर्षी लेखी विचारून घ्या. केंद्रातली पाटी बदलो, रजिस्टरवर नाव लागण्याची गरज तशीच राहते.

प्रवेशासाठी बारावी सायन्स लागते, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि तो दंत महाविद्यालयाला जोडलेला असतो, कारण खुर्ची, रोगी आणि शिकविणारे दंतवैद्य तेथेच असतात. ज्या ठिकाणी रोगीच येत नाहीत तेथे हे काम शिकविता येणार नाही, हे साध्या अकलेने कळण्यासारखे आहे. म्हणून जागा पाहायला जाल तेव्हा ऑफिसात बसू नका. ओ.पी.डी. दाखवा म्हणावे. सकाळी दहा वाजता रोग्यांची रांग दिसली पाहिजे. नंतर विचारा, तुमचा दंत आरोग्यकाचा कोर्स, फक्त बी.डी.एस.चा नव्हे, मान्य यादीत कोणत्या सालापासून आहे? कॉलेज मान्य असते पण हा कोर्स मान्य नसतो, असेही घडू शकते. फार पोरे येथे चुकतात. आणि प्रॅक्टिकल सुरू होण्यापूर्वी हिपॅटायटिस बी ची लस घ्या. तिचे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, म्हणून प्रवेशाच्या वेळीच पहिला डोस घ्यावा. रक्ताशी रोजचा संबंध येतो.

खर्चाविषयी. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. अर्ज महाडीबीटीवर भरायचा. येथे आपल्या भिल्ल, पावरा, कोकणा, मावची समाजातली मुलेही बसलेली आहेत. त्यांनी नंदुरबार किंवा तळोद्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी. शिष्यवृत्ती मान्य अभ्यासक्रमालाच मिळते. तेव्हा ती एक कसोटीही आहे. महाडीबीटीच्या यादीत ज्या कॉलेजचा तो कोर्स सापडत नाही त्याने तुम्हाला 'पुढच्या वर्षी येईल' असे सांगितले, तर पुढच्या वर्षीच या म्हणून उठावे.

आता कागदांचे. नोंदणीचा अर्ज करताना डिप्लोमा, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, ओळखपत्र, फोटो, फी असे सगळे लागते. आपल्याकडे अडते ते नावात. दाखल्यावर वडिलांचे नाव एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने, बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनावाचे स्पेलिंग तिसरेच. मास्तरने पहिलीत जे लिहिले ते आपण दहावीपर्यंत वाचतच नाही. मुलीचे लग्न मध्येच झाले तर चौथे नाव. हे डिप्लोमा हातात आल्यावर दुरुस्त करायला गेलात तर सहा-आठ महिने जातात आणि जाहिरातीची तारीख निघून जाते. दहावीच्या फॉर्मवर सही करण्याआधी आईबापांनी नाव अक्षर अक्षर वाचून पाहावे. वाचता येत नसेल तर येथे संस्थेत आणून दाखवावे.

जातीच्या दाखल्याचाही एक मुद्दा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्रातही सवलती मिळू लागल्या. परंतु केंद्राच्या नोकरीसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला मागतात. राज्याचा दाखला घेऊन रेल्वेच्या परीक्षेला गेलेली मुले मला माहीत आहेत. दोन्ही आधीच काढून ठेवा.

नाव एकदा लागले म्हणजे जन्मभराचे काम झाले, असे समजू नका. नूतनीकरणाची फी भरावी लागते, न भरल्यास नाव कमी होऊ शकते. माझ्याबरोबर शिकलेल्या एका बाईने मुले लहान म्हणून नोकरी सोडली, फी भरायची राहिली, आणि पुन्हा उभे राहताना तिची फार धावपळ झाली. आणि आपल्या जिल्ह्यापुरती एक खास गोष्ट. आपली निम्मी पोरे कामाला सुरतेकडे जातात. नवापूर ओलांडले की गुजरात लागते. आपल्याला ते सुरत-भुसावळ लाइनवरचे पुढचे स्टेशन वाटते, पण रजिस्टर राज्याचे असते. महाराष्ट्रात नोंदणी आणि काम सुरतेच्या दवाखान्यात, असे करायचे असेल तर हजर होण्याआधी दोन्हीकडच्या परिषदांना विचारून गुजरातची व्यवस्था करून घ्या. मालक म्हणेल, कशाला एवढे? त्याचे काही जात नाही.

नोकऱ्या किती, हा प्रश्न मुलांच्या चेहऱ्यावर मला मघापासून दिसतो आहे. मी येथे कोर्स विकायला आलेले नाही, म्हणून खरे सांगते. जागा थोड्या असतात. सरकारी रुग्णालये, दंत महाविद्यालये, रेल्वे, सैन्य, मोठ्या शहरांतली मोठी क्लिनिके, एवढेच क्षेत्र. रेल्वेने २०२४ साली पॅरामेडिकलच्या १३७६ जागांची जाहिरात काढली होती, त्यात परिचारिकांच्या ७१३ आणि दंत आरोग्यकाच्या ३. तीन! त्यालाही डिप्लोम्याबरोबर विज्ञानाची पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव मागितला होता. ज्यांना हा मार्ग धरायचा आहे त्यांनी डिप्लोमा झाल्यावर बाहेरून का होईना बी.एस्सी. करता येते का ते पाहावे, आणि जाहिरातीत नेमकी कोणती पदवी चालते तेही वाचावे. केंद्राचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४ पासूनचा आहे. त्यात सरकारी दवाखान्यांत दातांचा विभाग उभा करताना दंतवैद्य, दंत आरोग्यक आणि सहायक अशा तिघांसाठी पैसे देण्याची सोय आहे. त्या जागा बहुधा कंत्राटी निघतात. जिल्हा रुग्णालयाच्या आणि जिल्हा परिषदेच्या फलकावर लक्ष ठेवावे लागते.

खाजगीत का मिळत नाहीत? देशात तीनशेहून जास्त दंत महाविद्यालये झाली. छोट्या गावातला नवा डॉक्टर दात साफ करण्याचे काम स्वतःच करतो, त्यालाच रोगी पुरे नसतात. दुसरा एखादा डॉक्टर घरकाम करणाऱ्या मुलीच्या हाती हत्यार देतो आणि महिन्याला चार-पाच हजारांत काम भागवितो. हे चूक आहे, रोग्याच्या जिवाशी खेळ आहे, पण ते घडते. तुम्ही नोंदणी करून गेलात तर तुम्हाला त्या मुलीचाच पगार देऊ करतील, हेही लक्षात ठेवा.

काही हुशार मुले म्हणतील, मग मी स्वतःच पाटी लावतो. येथे मी हात जोडून सांगते, तसे करू नका. दात काढणे, सिमेंट भरणे, भूल देणे, गोळ्या लिहून देणे यातले काहीही दंत आरोग्यकाचे काम नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या आठवडे बाजारात तुम्ही खोली घेतलीत की पहिला रोगी सुजलेला गाल घेऊनच येईल, आणि 'नाही' म्हणण्याची ताकद भाडे थकलेल्या माणसात राहत नाही.

परदेशाचेही विचारतात. या व्यवसायाचा जन्मच तिकडचा. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावी डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ साली आपल्या दवाखान्यात मदतनीस असलेल्या आयरीन न्यूमन या चुलतबहिणीला दात साफ करण्याचे काम शिकविले. १९१३ मध्ये त्यांनी शाळा काढली, १९१४ साली २७ बायका शिकून बाहेर पडल्या आणि त्यांतल्या अनेक गावच्या शाळांतून मुलांचे दात तपासत, साफ करीत, शिकवीत फिरल्या. १९१७ साली आयरीनबाईंना राज्याचा परवाना मिळाला, या कामाचा तो पहिला परवाना. आज तेथे मान्य कॉलेजातले शिक्षण, राष्ट्रीय लेखी परीक्षा, हाताने काम करून दाखविण्याची परीक्षा आणि मग त्या त्या राज्याचा परवाना, एवढ्या पायऱ्या आहेत. आपला डिप्लोमा दाखवून तेथे काम मिळत नाही. इंग्लंडमध्ये तर २०१३ पासून रोगी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट आरोग्यकाकडे जाऊ शकतो. दुबईकडे जायचे तर तिकडच्या आरोग्य खात्याची परीक्षा असते आणि तुमचे कागद ज्या कॉलेजने दिले त्या कॉलेजलाच विचारून तपासतात. सहा महिन्यांचे सोनेरी प्रमाणपत्र तेथे काय टिकणार? एजंटला पैसे देण्याआधी एवढे आठवा.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, बाई, जागा कमी, पगार बेताचा, मग आम्ही यात यावे कशाला? मी म्हणेन, सगळ्यांनी येऊ नये. गर्दीने येण्याचा हा रस्ता नाही. पण आपल्या जिल्ह्याकडे पाहा. १९९८ च्या १ जुलैला धुळ्यातून वेगळा झालेला सहा तालुक्यांचा हा जिल्हा. २०२० पासून नंदुरबारला वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण सातपुड्यातल्या पाड्यावरून दात दुखतो म्हणून कोण मजुरी बुडवून येते? येते तेव्हा गाल सुजलेला असतो. मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बायकांपैकी किती जणी मिश्री लावतात ते येथल्या बायकांना सांगायला नको. मिरचीच्या ठसक्याने तोंड बांधलेले आणि बांधलेल्या तोंडात तंबाखू. पोरांचे तर काय सांगावे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा बंद आहे, आणि पंधरा वर्षांच्या पोरांच्या तोंडात मी स्वतः त्याचे डाग पाहिले आहेत. सुपारीने गालाची कातडी आतून पांढरी पडते, ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे प्रत्येकाने आज घरी जाऊन पाहावे. जात नसतील तर उद्या दंतवैद्याकडे जावे, परवा नाही.

हे तोंड प्रथम कोणाला दिसते? दात साफ करायला बसलेल्या माणसाला. अर्धा तास तो त्याच तोंडात पाहत असतो. एकदा एक गृहस्थ पुढचे दात काळे झाले, मुलीच्या लग्नात बरे दिसावेत म्हणून माझ्याकडे आले. साफ करताना जिभेच्या कडेला खाली एक छोटी जखम दिसली. दुखत नव्हती, म्हणून त्यांना ठाऊकच नव्हती. मी हत्यार खाली ठेवले आणि साहेबांना बोलाविले. ते काय आहे हे सांगणे माझे काम नव्हते आणि मी सांगितले नाही. साहेबांनी त्याच दिवशी त्यांना पुढे पाठविले. मुलीच्या लग्नात ते होते, आणि त्यांच्या नातवाच्या बारशाचे बोलावणेही मला आले होते. असे फार वेळा होत नाही. बाकीचे दिवस नुसते किटण.

शाळांचे काम मात्र कोणालाही करता येते, त्याला माझी खुर्ची लागत नाही. आश्रमशाळांतल्या मुलांना ब्रश कसा धरायचा, हिरडीपासून दाताकडे कसा फिरवायचा, रात्री झोपण्याआधी का घासायचे, हे मी दोन वर्षांपासून सांगत फिरते. बाभळीची किंवा निंबाची काडी वाईट नाही, तिचा कुंचा मऊ चावून केला तर. वाईट आहे ती विटेची भुकटी आणि मिश्री. मुले ऐकतात. मास्तर लोकांचे दात त्यांच्यापेक्षा खराब असतात.

शेवटी व्यवहाराचे. संस्थेच्या सभागृहात मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते एक बसणार आहे. ज्यांना बारावीनंतर या किंवा कोणत्याही पॅरामेडिकल कोर्सला जायचे आहे त्यांनी कॉलेजचे माहितीपत्रक, फीची पावती असल्यास ती, आणि आपल्या दाखल्यांच्या झेरॉक्स घेऊन याव्यात. मूळ कागद आणू नयेत, आणि पैसे भरून झाल्यावर येण्यापेक्षा भरण्याआधी यावे. पालकांपैकी एकाने तरी सोबत असावे. त्या सुरतेच्या मुलीला मी विचारले आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती गावी येणार आहे, तेव्हा एक रविवार तीही माझ्या शेजारी बसेल आणि तिचे ते सोनेरी शिक्क्याचे प्रमाणपत्र टेबलावर ठेवील. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी हातात घेऊन पाहावे.